डायट चार्ट नंतर, आधी हे करा: क्लायंटसोबत काम करणाऱ्या नागपूरकरांसाठी

डायटिशियन असा, फिजिओ असा की जिम ट्रेनर, क्लायंट आल्या आल्या पहिले हेच विचारतो, "मॅडम, चार्ट देता का?" आणि आपण देऊनही टाकतो, ओट्स, ब्रोकोली, ग्रीन टी वगैरे, तो फ्रिजवर चिकटतो आणि घरी जेवण जे चालू होतं तेच चालू राहतं. माझं सरळ म्हणणं आहे, पहिल्या भेटीत चार्ट देऊच नका.

त्या दिवशी फक्त विचारा. "काय खाता?" म्हटलं की "साधंच, घरचंच" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "काल सकाळी उठल्यापासून सांगा, चहा किती वेळा, साखर किती, सोबत काय" असं धरून रात्री झोपेपर्यंत न्या. रविवारचं वेगळं विचारा, तिखट-तेलकट सावजी रस्सा बहुतेक तेव्हाच असतो नं. आणि स्वयंपाक कोण करतं? भाऊ तुमच्यासमोर हो हो म्हणतात पण फोडणी काकूंच्या हातात असते, तर पुढच्या वेळी काकूंनाही बोलवा.

मग माप. वजनासोबत कंबर मोजाच, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडल्यावर. पुरुषांना 90 सेंमी, बायकांना 80 सेंमीच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. बीएमआय आपल्याकडे 23 पासूनच जास्त धरतात, 25 व्हायची वाट पाहू नका.

आता तेल, इथे वेळ द्या. भाजीत किती चमचे हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून महिन्याचा किराणा विचारा. समजा चार जणांचं घर, महिन्याला 5 लिटर. एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम, म्हणजे माणशी रोज जवळपास 38 ग्रॅम झालं, तूप आणि बाहेरचं खाणं तर यात धरलंच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 2000 कॅलरीच्या ताटात तेल-तूप 27 ग्रॅम दिलंय. हा हिशोब त्यांच्याच समोर कागदावर करा, वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही. पुढच्या महिन्यात 4 लिटरच आणायचं, एवढंच ठरवा, ते माणशी 30 च्या आसपास येतं.

एका वेळी एकच बदल, दुसरा पुढच्या भेटीत. तर्री पोहे बंद करा म्हटलं तर माणूस पुन्हा येत नाही (मी पण नसतो आलो). त्यापेक्षा वरचा तेलाचा तवंग काढून चणे जास्त मागा, शेव नको, आठवड्यातून एकदाच, असं बोलून ठरवा. महागड्या बिया सांगण्याआधी घरची जवसाची चटणी आठवा. गोळाभात सोडायला लावू नका, गोळे डाळीचेच आहेत, वरून ओतायचं तेल तेवढं चमच्याने मोजून घ्यायला सांगा.

चालणं आठवड्याला 150 मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो तेव्हा संध्याकाळी पाचला फुटाळा तलावावर चाला असं कोण सांगतं? पहाटे उजाडायच्या सुमारास, नाहीतर घरातच दहा-दहा मिनिटं करून.

शेवटचं पण सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्यांची यादी घ्या. ग्लिमेपिराइड (डायबिटीसची गोळी) किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने जेवण कमी केलं किंवा चतुर्थीला कडक उपास धरला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून आहार बदलायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, डोस स्वतः कमी-जास्त करायला सांगू नका. घाम, थरथर, चक्कर वाटली की लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. आणि उन्हाळ्यात "भरपूर पाणी प्या" हेही सरसकट नाही, किडनीचा किंवा हार्ट फेल्युअरचा पेशंट असेल तर पाणी किती ते डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगा.