न आपटता उठलेला जांभळा डाग: बायोप्सीपासून पुढे काय करायचं

मी ठाण्यात नौपाड्याकडच्या एका लॅबमध्ये हिस्टोचं, म्हणजे बायोप्सीचे तुकडे तपासणीसाठी तयार करण्याचं काम करते. डॉक्टर नाही. पण कातडीचा तुकडा डबीतून काचेवर जाईपर्यंत माझ्याच हातात असतो, आणि बीपीडीसीएन या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बरंचसं त्या तुकड्यावर ठरतं.

कुठे आपटलेलं नसताना छातीवर, पाठीवर काळानिळा डाग उठतो. चाचपला तर खाली घट्ट लागतो. बहुधा खाजत नाही, दुखतही नाही. साठीपुढच्या पुरुषांत जास्त. असे बहुतेक डाग साधेच निघतात, पण दोन-तीन आठवड्यांत उतरला नाही, वाढत चालला किंवा नवे उठले, तर मलमं बदलत बसू नका. स्किनच्या डॉक्टरांना बायोप्सीचं विचारा. मनात धरायचा आजार म्हणजे ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक सेल निओप्लाझम, थोडक्यात बीपीडीसीएन. रक्ताचा कॅन्सर, पण बऱ्याचदा आधी कातडीवर दिसतो. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, तेव्हा नॉर्मलही असू शकतं.

वरवर खरवडलेला तुकडा उपयोगाचा नाही. या पेशी वरचा थर सोडून खाली दाटलेल्या असतात, म्हणून कमीत कमी ४ मिमीचा खोल पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) हवा. तो लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण), आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट तरी. सलाईनमध्ये रात्र काढलेला तुकडा आला की पुढचे स्टेन (पेशी दिसाव्यात म्हणून लावलेले रंग) बिघडणार हे मला डबी उघडतानाच कळतं. फॉर्मवर नुसतं ‘सोरायसिस?’ नको, डाग कधीपासून, स्टेरॉइड घेतलंय का, सीबीसी काय, सगळं लिहून घ्या.

गुलाबी-जांभळ्या साध्या स्टेनवर हे ओळखता येत नाही, ल्युकेमिया किंवा लिम्फोमासारखंच दिसतं. मार्कर, म्हणजे पेशीवरची ठरावीक प्रथिनं शोधणाऱ्या चाचण्या, लावावे लागतात. जिथे लागले तिथे पेशी तपकिरी उमटतात. सीडी४ आणि सीडी५६ हे मार्कर काही एएमएलमध्येही (ल्युकेमियाचा एक प्रकार) येतात, तेवढ्यावर थांबू नका. सीडी१२३, टीसीएल१ आणि टीसीएफ४ किंवा सीडी३०३ झालेत का, हे रिपोर्टमध्ये बघा. एमपीओ, सीडी३, सीडी२० निगेटिव्ह हवेत.

सेकंड ओपिनियनला रिपोर्टसोबत ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइडही (त्याचे काप लावलेल्या काचा) लॅबकडून मागून घ्या. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे. ब्लॉक मेणाचा असतो, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका!

पुढे बोन मॅरो (हाडातला मगज), पेट-सीटी (आजार कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन) आणि पाठीतल्या, म्हणजे मणक्यातून काढलेल्या पाण्याची तपासणी. ही शेवटची लोक टाळतात. टाळू नका, हा आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात लपतो.

औषधांत टॅग्रॅक्सोफस्प थेट सीडी१२३ वर जातं. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडे मिळेल का, कितीला, हे हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना, सरळ विचारा. त्याने रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू शकतं, म्हणून पहिल्या डोसआधी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ३.२ ग्रॅम/डेसिलिटर तरी लागतं आणि डोस चालू असताना वजन रोज बघतात. नाहीतर ल्युकेमियासारखी जोरदार केमो; वय झालं असेल तर व्हेनेटोक्लॅक्स आणि अ‍ॅझासिटिडीन.

पहिल्या केमोने डाग भराभर विरतात आणि घरचे म्हणतात, बाबा बरे झाले. पण आजार परतू शकतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झेपणार असेल तर तो आजार पहिल्यांदा उतरलेला असतानाच करायचा असतो, म्हणून सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी (दाता जुळतो का ते बघणारी) केमो सुरू होतानाच करून घ्या. थोडं रक्त किंवा गालाच्या आतला स्वॅब, एवढंच लागतं.