डिलीट करूनपण जागा सुटंना!
शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं स्टोरेज, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायची सिस्टिम, मी बघतो, नेटॅप कंपनीच्या ऑनटॅप सॉफ्टवेअरवालं. परवा सकाळी चहापण घशाखाली उतरला नव्हता आन् फोन, "सर, ड्रॉइंग सेव्ह होईना, डिस्क फुल्ल." म्हटलं जुनी काढा, त्यांनी गठ्ठ्यानं काढली तरी जागा तेवढीच! मग ट्यूब पेटली, उडवलेल्या फाइलींचे ब्लॉक, म्हणजे डेटाचे तुकडे, स्नॅपशॉट धरून बसलेत. स्नॅपशॉट म्हणजे व्हॉल्यूम (डिस्कवरचा फाइलींचा कप्पा) त्या-त्या वेळी जसा होता तसा धरून ठेवलेली प्रत.

पुट्टी या लांबून कमांड मारायच्या सॉफ्टवेअरनं आत जाऊन 'व्हॉल्यूम स्नॅपशॉट शो' मारलं, त्यात स्नॅपशॉटची यादी दिसते. किती स्नॅपशॉट ठेवायचे ते पॉलिसी ठरवते; डिफॉल्ट पॉलिसी म्हणजे तासाचे 6, रोजचे 2, आठवड्याचे 2, आणि त्यांच्यासाठी राखीव जागा, म्हणजे रिझर्व्ह, 5 टक्के, ते भरलं की स्नॅपशॉट सरळ डेटाच्या जागेत पाय पसरतात, आमच्यात तेच झालेलं. मग फक्त रोजचे 2 ठेवणारी नवी पॉलिसी केली आणि 'व्हॉल्यूम मॉडिफाय'ला व्हीसर्व्हर (व्हॉल्यूम ज्याच्याखाली येतो तो आभासी सर्व्हर), व्हॉल्यूमचं नाव आणि पॉलिसीचं नाव देऊन लावली. तिथं एक वॉर्निंग येते, मी शहाण्यानं ती न वाचताच वाय, म्हणजे 'हो', दाबलं.

अर्धा तास 'डीएफ' ही मोकळी जागा दाखवणारी कमांड मारत बसलो, आकडा हलंना. वॉर्निंग परत वर जाऊन वाचली तर स्वच्छ लिहिलंय, नव्या पॉलिसीच्या प्रीफिक्सशी, म्हणजे नावाच्या सुरुवातीच्या शब्दाशी, न जुळणारे जुने स्नॅपशॉट आपोआप उडत नाहीत. म्हणजे तासाचे आन् आठवड्याचे तसेच! यातनं कुणाला जुनी फाइल पाहिजे का ते फाउंड्रीत विचारून घेतलं, कारण एकदा गेलं की गेलं, मग 'व्हॉल्यूम स्नॅपशॉट डिलीट'नं एकेक हातानं काढले. थोड्या वेळानं जागा सुटली.

दुपारी फोन आला, "सेव्ह व्हायलंय सर." मी तवर मिसळ खायला गेलेलो.