विधवेचे माहेर शोधताना : जुन्या अमेरिकी न्यायालयीन दप्तरांच्या अभ्यासाचा अनुभव

अठराव्या शतकातील एखाद्या अमेरिकी कुटुंबाचा इतिहास शोधायला घेतला की पुरुषांची नावे खरेदीखतांत, करयाद्यांत आणि लष्कराच्या हजेरीपटांत बहुधा सापडतात. स्त्रियांचा माग मात्र लग्नापाशी तुटतो. इंग्लंडहून आलेल्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीला नवऱ्याहून वेगळे कायदेशीर अस्तित्व नव्हते. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे आणि नवऱ्याच्या संमतीवाचून मृत्युपत्रही करता येत नसे. नवरा वारला की तीच स्त्री पुन्हा कायद्यासमोर स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभी राहते, आणि म्हणूनच तिच्या आयुष्यातले बहुतेक कागद वैधव्याच्या काळातले असतात. व्हर्जिनियात इतिहासाचे शिक्षण घेतल्यानंतर मी इतरांच्या घराण्यांचा शोध घेण्याचे काम व्यवसाय म्हणून करू लागलो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना मी प्रथम एवढेच सांगतो की, विधवेचे नाव शोधण्याआधी तिच्या वाट्याला आलेली मालमत्ता शोधावी आणि त्या मालमत्तेचा कायदा वाचावा. न्यायालयाने तिची दखल घेतली ती त्या मालमत्तेपायी, आणि तिच्या माहेरची माणसेही त्याच कागदांत कुठेतरी सही करून गेलेली असतात.

या कायद्याचा गाभा म्हणजे ‘डावर’, अर्थात नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेच्या एकतृतीयांशावर विधवेचा हयातीपुरता हक्क. ती जमीन तिला कसता येई, तिचे उत्पन्न खाता येई; पण विकता येत नसे किंवा कोणाच्या नावे करता येत नसे. तिच्या मृत्यूनंतर जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जाई. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी आपल्याकडील विधवेला मिळणारा मर्यादित हक्क ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना समजायला वेळ लागत नाही. नवरा हयात असतानाही या हक्काचा माग लागतो. व्हर्जिनियात नवऱ्याने जमीन विकली तर पत्नीला न्यायालयापुढे नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारले जाई की ती स्वखुशीने हक्क सोडते आहे काय. तिला प्रवास झेपणार नसेल तर त्या जबाबासाठी न्यायाधीशांना तिच्या घरी पाठवले जाई. ही नोंद खरेदीखताच्या तळाशी किंवा न्यायालयाच्या हुकूमवहीत असते. तिच्यावरून पत्नीचे पहिले नाव कळते आणि त्या तारखेला ती हयात होती हे निश्चित होते. पाच वर्षांनी त्याच माणसाने जमीन विकताना वेगळ्या नावाची पत्नी हक्क सोडत असेल, तर दुसरे लग्न झाल्याची शक्यता गांभीर्याने तपासावी लागते. खरेदीखत वाचताना शेवटचे पान गाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून ही सगळी माहिती निसटते.

नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याचा पहिला अधिकार सामान्यतः विधवेचा असे. त्यासाठी तिला न्यायालयात जामीनखत लिहून द्यावे लागे आणि त्यावर जामीनदारांच्या सह्या लागत. कारभारात अफरातफर झाली तर नुकसानभरपाई जामीनदारांना करावी लागणार असल्याने, ही जोखीम बहुधा जवळची माणसेच पत्करत : विधवेचा बाप, भाऊ, मेहुणा किंवा निकटचा शेजारी. तिचे माहेर शोधताना माझा पहिला थांबा नेहमी हे जामीनखत असते. जामीनदारांची नावे कागदावर उतरवून घ्यावीत, त्यांच्या बापांची मृत्युपत्रे शोधावीत आणि त्यांत ‘माझी मुलगी’ म्हणून या विधवेचे पहिले नाव येते का, ते पाहावे.

त्यानंतर येते मालमत्तेची यादी. न्यायालयाने नेमलेले पंच घरात जाऊन प्रत्येक वस्तूची किंमत लावत. गाद्या, चरखे, कथिलाची ताटे, गायी, नांगर आणि दक्षिणेकडे गुलामगिरीत ठेवलेली माणसेसुद्धा त्याच यादीत, त्याच शाईने लिहिलेली असतात. यादीनंतर लिलाव झाला असेल तर कोणती वस्तू कोणी घेतली याचा हिशोब मिळतो, आणि त्यात विधवेचे नाव खरेदीदार म्हणून वारंवार दिसते. ज्या पलंगावर ती वर्षानुवर्षे निजली, ज्या भांड्यांत तिने रांधले, ती तिला लिलावात बोली लावून परत घ्यावी लागत, कारण घरातल्या जंगम वस्तूही कायद्याने नवऱ्याच्याच मानल्या जात. हे हिशोब मी आजही सावकाश वाचतो. या लिलावांत नात्यातली माणसे मोठ्या संख्येने येत, त्यामुळे खरेदीदारांची यादी म्हणजे त्या कुटुंबाच्या गोतावळ्याचा जवळजवळ पटच असतो.

मुलांच्या बाबतीत कायद्याची भाषा नीट समजून घ्यावी लागते. बाप वारलेले मूल, आई हयात असली तरी, कागदोपत्री अनाथ ठरत असे. त्यामुळे अनाथांच्या नोंदींत नाव दिसले म्हणून आईही वारली असे धरू नये. मुलाच्या नावे मालमत्ता असेल तर न्यायालय पालक नेमत असे आणि १४ वर्षांवरील मुलाला आपला पालक स्वतः निवडता येई. एखाद्या मुलाने आज अमुक माणसाला पालक निवडले या एका ओळीवरून त्याचे किमान वय कळते, आणि निवडलेला माणूस पुष्कळदा मामा निघतो. विधवेने पुन्हा लग्न केले की कारभाराचे हक्क नव्या नवऱ्याच्या हाती जात, आणि हुकूमवहीत ‘अमुक आणि त्याची पत्नी, जी पूर्वी तमुकच्या मालमत्तेची प्रशासक होती’ अशी नोंद येते. दोन आडनावांना जोडणारी ही ओळ पुष्कळ घराण्यांत दुसऱ्या विवाहाचा एकमेव पुरावा असते. पहिले जामीनदार अशा वेळी धास्तावून आपली सुटका किंवा नवे तारण मागत, तोही अर्ज उपयोगी पडतो. दुसऱ्या विवाहाच्या वेळी तिचे जे आडनाव लिहिले जाते ते मात्र पहिल्या नवऱ्याचे असते; ते माहेरचे समजून वंशवेल पुढे नेल्याची उदाहरणे प्रसिद्ध वंशावळींतही विपुल आहेत.

हे सारे एकत्र पाहायचे तर मार्था वॉशिंग्टन यांचे उदाहरण मी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी होण्याआधी त्या डॅनियल पार्क कस्टिस या धनाढ्य मळेवाल्याच्या विधवा होत्या. कस्टिस जुलै १७५७मध्ये मृत्युपत्र न करता वारले, तेव्हा मार्था २६ वर्षांच्या होत्या आणि दोन लहान मुले हयात होती. १७,००० एकरांहून अधिक जमीन आणि गुलामगिरीतील जवळपास ३०० माणसे असलेल्या या मालमत्तेचा कारभार त्यांनी स्वतः पाहिला. ६ जानेवारी १७५९ रोजी त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी विवाह केला आणि तो कारभार नव्या नवऱ्याकडे गेला. मुलांचे पालक या नात्याने वॉशिंग्टन वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाला, म्हणजे जनरल कोर्टाला, हिशोब सादर करत. त्या न्यायालयाची दप्तरे एप्रिल १८६५मध्ये रिचमंड शहराला लागलेल्या आगीत जळाली. वॉशिंग्टन यांनी आपल्याजवळ ठेवलेल्या हिशोबाच्या प्रती मात्र त्यांच्या खासगी कागदांत टिकल्या. मार्था यांचे वडील जॉन डँड्रिज हे न्यू केंट काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) न्यायालयाचे कारकून होते, आणि त्याच काउंटीचे कारकुनाचे कार्यालय १७८७मध्ये जळाले. न्यायालयाची प्रत नष्ट झाली तरी पक्षकाराची, वकिलाची किंवा वरच्या न्यायालयाची प्रत कुठे असू शकेल, हा प्रश्न जळालेल्या प्रत्येक काउंटीच्या बाबतीत विचारावा.

मार्था यांच्या डावरचा दुसरा भाग अधिक वेदनादायक आहे आणि तो टाळून हा विषय शिकवता येणार नाही. व्हर्जिनियाच्या १७०५च्या कायद्याने गुलामगिरीतील माणसांना वारसाहक्कापुरते स्थावर मालमत्तेसारखे ठरवले होते, त्यामुळे मार्था यांना मिळालेला ऐंशीहून अधिक माणसांचा वाटाही हयातीपुरता होता. ती माणसे अंतिमतः कस्टिस वारसांची होती. १६६२च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरत असल्यामुळे या स्त्रियांची मुलेही आपोआप त्याच वाट्यात जमा होत गेली. वॉशिंग्टन यांनी १७९९मध्ये माउंट व्हर्नन येथील माणसांची यादी केली, तेव्हा एकूण ३१७ जणांपैकी १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आणि १५३ डावरमधले होते. मृत्युपत्राने ते पहिल्या गटाला मुक्त करू शकले; दुसऱ्या गटाला मुक्त करण्याचा अधिकार त्यांना किंवा मार्था यांना नव्हता. मे १८०२मध्ये मार्था वारल्यावर ही माणसे त्यांच्या चार नातवंडांत वाटली गेली. नवरा एका गटातला आणि बायको-मुले दुसऱ्या गटातली अशी कितीतरी कुटुंबे त्यामुळे तुटली. १७९६मध्ये फिलाडेल्फियातून निसटून न्यू हॅम्पशायरला पोहोचलेल्या ओनी जज याच डावरच्या वाट्यातल्या होत्या, कारण त्यांची आई बेटी ही डॅनियल कस्टिस यांच्या मालमत्तेतून आली होती.

याचा अभ्यासाशी थेट संबंध आहे. गुलामगिरीतील कुटुंबांची आडनावे सहसा नोंदवली जात नसत, जनगणनेतही त्यांची नावे बहुधा नसत. पण विधवेच्या वाट्याच्या वाटणीपत्रात, पालकाच्या वार्षिक हिशोबात आणि विधवेच्या मृत्यूनंतरच्या फेरवाटणीत तीच नावे वीस-चाळीस वर्षांच्या अंतराने पुन्हा येतात, आणि आईच्या शेजारी मुलांची नावे लिहिलेली असतात. आफ्रिकी-अमेरिकी घराण्यांचा शोध घेणाऱ्या माणसाला मालकाच्या विधवेचा माग काढणे म्हणूनच अटळ ठरते. विधवेच्या माहेरचे मृत्युपत्रही पाहावे लागते, कारण काही माणसे तिच्याबरोबर माहेरून आलेली असत.

अमेरिकेच्या क्रांतियुद्धातील, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातील, सैनिकांच्या विधवांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज हा स्त्रीच्या स्वतःच्या शब्दांच्या सर्वांत जवळ नेणारा कागद आहे. ४ जुलै १८३६च्या कायद्याने सेवा संपण्यापूर्वी विवाह झालेल्या विधवांना हक्क दिला, १८३८च्या कायद्याने १ जानेवारी १७९४पूर्वी विवाह झालेल्यांना, १८४८च्या कायद्याने २ जानेवारी १८००पूर्वी विवाह झालेल्यांना, आणि १८५३मध्ये विवाहाच्या तारखेची अट पूर्णपणे काढली. त्यामुळे अर्ज कोणत्या कायद्याखाली आहे यावरूनच विवाहाचा काळ कळतो. विवाहाची नोंद नसेल तर वृद्ध बहीण, शेजारी किंवा पाद्री शपथेवर सांगत की लग्नाला आपण हजर होतो. काहींनी घरच्या बायबलमधील जन्म-विवाहांच्या नोंदींची पाने फाडून राजधानी वॉशिंग्टन शहराला पाठवली आणि ती आजही त्या फाइलींत आहेत. माहेरचे नाव अशा साक्षींत सहज येऊन जाते. मंजूर फाइलींइतक्याच नामंजूर फाइलीही वाचाव्यात, कारण पुरावा कमी पडला म्हणून त्यांत पुन्हा पुन्हा साक्षी जोडलेल्या असतात. युद्धखात्याच्या कार्यालयाला नोव्हेंबर १८००मध्ये आग लागल्याने त्यापूर्वीचे बहुतेक अर्ज मात्र उपलब्ध नाहीत.

कामाला सुरुवात करताना दोन गोष्टींची तयारी हवी. पहिली भूगोलाची : दप्तर ज्या काउंटीत तयार झाले तिथे सापडते, आणि काउंट्यांच्या हद्दी सतत बदलत गेल्या. लाउडन काउंटी १७५७मध्ये फेअरफॅक्समधून निघाली, म्हणून त्याआधीचे कागद फेअरफॅक्समध्ये पाहावे लागतात. केंटकी १७९२पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता. दुसरी कालगणनेची : १७५२पूर्वी इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७३१ अशी नोंद आजच्या हिशोबाने १७३२ची असते, आणि हे ध्यानात न घेतल्यास मूल लग्नाआधी जन्मलेले किंवा विधवेने नवऱ्याच्या हयातीत दुसरे लग्न केलेले दिसू लागते. लुईझियानात आणि डच अमलाखालील न्यूयॉर्कमध्ये वेगळी कायदेपरंपरा असल्याने तिथे विवाहित स्त्रिया माहेरच्या नावाने नोंदलेल्या आढळतात. तिथला शोध पुष्कळ सुकर असतो.

भारतात बसूनही यातले बरेच काम करता येते. फॅमिलीसर्च या वंशावळ-शोधाच्या संकेतस्थळावर काउंट्यांची खरेदीखते आणि मृत्युपत्रे मोठ्या प्रमाणावर विनामूल्य पाहता येतात, आणि हस्तलिखिताचा मजकूर यंत्राने वाचून शोधण्याची सोयही आता आहे. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने चॅन्सरी न्यायालयाच्या, म्हणजे न्यायबुद्धीच्या तत्त्वांवर निवाडा करणाऱ्या न्यायालयाच्या, खटल्यांची सूची आणि असंख्य खटल्यांच्या प्रतिमा खुल्या केल्या आहेत. वारसांमधील वाटणीचे दावे तिथे आहेत आणि एकेका दाव्यात तीन-तीन पिढ्यांची नावे मिळतात. यंत्राने केलेल्या वाचनावर विसंबून न राहता मूळ प्रतिमा ओळीने वाचायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, कारण जामीनदाराचे नाव यंत्राने चुकीचे वाचले तर सगळा माग भलत्याच कुटुंबाकडे जातो.

ज्यांना हा व्यवसाय म्हणून करायचा आहे त्यांच्यासाठी अमेरिकेत १९६४पासून वंशावळ-संशोधकांना प्रमाणपत्र देणारे एक मंडळ आहे, आणि त्यासाठी स्वतःच्या कामाचे नमुने परीक्षणासाठी सादर करावे लागतात. परस्परविरोधी किंवा अप्रत्यक्ष पुराव्यांवरून नाते सिद्ध करणारा एक निबंध त्यात अपेक्षित असतो. माझ्या मते माहेर अज्ञात असलेली एखादी विधवा यासाठी उत्तम विषय आहे, कारण तिच्या बाबतीत थेट पुरावा बहुधा नसतोच. जामीनखत, बापाचे मृत्युपत्र, मुलाने निवडलेला पालक, लिलावातले खरेदीदार आणि दहा वर्षांनंतरचा वाटणीचा दावा हे सगळे शेजारी मांडून, त्याच परिसरातली त्याच नावाची दुसरी स्त्री का असू शकत नाही हेही दाखवावे लागते. हा दुसरा भाग विद्यार्थी बहुधा शेवटी घाईने लिहितात. तो आधी लिहायला घ्यावा, आणि त्यासाठी, व्हर्जिनियातली काउंटी असेल तर, तिच्या १७८२पासूनच्या करयाद्या वर्षावार उतरवून काढाव्यात, म्हणजे त्या नावाच्या कोणत्या विधवा कोणत्या वर्षी कुटुंबप्रमुख म्हणून कर भरत होत्या आणि कोणत्या वर्षी यादीतून गेल्या, हे समोर राहील.