घरच्या राउटरवर राउटिंग प्रोटोकॉल: कुठला घ्यायचा आणि कसा लावायचा

घरी मिनी पीसीवर राउटर बनवला की लगेच प्रश्न येतो, ओएसपीएफ लावू की बीजीपी? (दोन्ही राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायच्या पद्धती; बीजीपी मुख्यतः वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कांमध्ये चालतो.) माझं म्हणणं असं की आधी कागदावर नेटवर्क काढा आणि बघा, एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला रस्ते किती आहेत. रस्ता एकच असेल तर स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा रस्ता) टाका आणि मोकळे व्हा, कारण तो रस्ता तुटला तर कुठलाच प्रोटोकॉल दुसरा रस्ता पैदा करून देणार नाहीये.

अजून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो कारण यात खूप जण अडकतात. मुंबईत आता भरपूर घरांत दोन लाइन असतात, एक मोठ्या कंपनीचं फायबर आणि एक एरियातल्या केबलवाल्याची, आणि लोकांना वाटतं की ओएसपीएफ लावला की एक बंद पडल्यावर दुसरी आपोआप चालू होईल. तसं होत नाही. ओएसपीएफ फक्त तुमच्या स्वतःच्या राउटरांमध्ये बोलतो, इंटरनेट कंपनीने दिलेला डबा त्याच्याशी बोलतच नाही, आणि घरगुती कनेक्शनवर कंपनी तुमच्याशी बीजीपी करणार नाही. दोन लाइनच्या फेलओव्हरला पिंग मारून तपासणारं काहीतरी लागतं, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर एमवॅनथ्री नावाचं पॅकेज आहे, साध्या डेबियन लिनक्सवर छोटी स्क्रिप्टसुद्धा पुरते.

मग प्रोटोकॉल खरंच कधी लागतो? समजा दादरला एकाच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर तुमचा फ्लॅट, चौथ्यावर काकूंचा, मध्ये डक्टमधून कॅट सिक्स केबल टाकलीय (सोसायटीला विचारून टाका, नंतर कटकट नको), आणि आई-बाबा मुलुंडला. दोन्ही फ्लॅटमधून मुलुंडला वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून जाणारी व्हीपीएन जोडणी). आता झाला त्रिकोण. तुमचं इंटरनेट गेलं तर मुलुंडच्या एनएएसवरचे (नेटवर्कवरच्या स्टोरेज डब्यावरचे) फोटो काकूंच्या राउटरवरून यायला हवेत, आणि केबल निघाली तर तुमचा आणि काकूंचा ट्रॅफिक मुलुंडवरून फिरून जायला हवा. हे स्टॅटिकने हाताळायला गेलात तर वैतागाल. शिवाय केबलच्या मध्ये एखादा स्विच असेल तर पलीकडचा राउटर बंद पडला तरी तुमचा पोर्ट चालूच दिसतो आणि स्टॅटिक रूट तसाच बसून राहतो, पॅकेट हवेत जातात.

अशा ठिकाणी मी डोळे झाकून ओएसपीएफ सांगतो. रिप हा जुना प्रोटोकॉल सोपा वाटतो पण तो फक्त हॉप (वाटेतले राउटर) मोजतो, रस्ता जलद आहे की रखडणारा याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, आणि शेजारी गप्प झाला तर डिफॉल्टला १८० सेकंद वाट बघत बसतो. ओएसपीएफचे डिफॉल्ट आकडे हॅलो (शेजाऱ्याला पाठवायचा ‘मी आहे’ हा निरोप) दर १० सेकंदांनी आणि ४० सेकंदांत शेजारी मेला असं धरायचं, घरासाठी एवढं ठीक आहे. बेबल हा अजून एक प्रोटोकॉल छान आहे, विशेषतः वायफायवर मेश करत असाल तर तोच बघा. बीजीपी शिकायचा असेल तर ६४५१२ ते ६५५३४ मधले प्रायव्हेट एएस नंबर (बीजीपीत नेटवर्कची ओळख) घेऊन जरूर खेळा, पण आई-बाबांचं नेट ज्याच्यावर चालतं त्या राउटरवर नको.

हार्डवेअरवर जास्त बोलत नाही. लॅमिंग्टन रोडला जुने थिन क्लायंट आणि मिनी पीसी मिळतात, मुलुंडला दोन आणि दादरच्या फ्लॅटना तीन (इंटरनेट, घर, मधली केबल) इंटेलचे लॅन पोर्ट असलेला बघा, यूएसबीचं लॅन अडॅप्टर शक्यतो टाळा. वर डेबियन आणि एफआरआर (हे प्रोटोकॉल चालवणारं सॉफ्टवेअर).

पत्ते मात्र नीट ठरवा. १९२.१६८.१ कुठेच वापरू नका, कंपनीच्या बऱ्याच डब्यांवर तोच असतो आणि दोन घरांत एकच सबनेट (पत्त्यांचा गट) आलं की राउटिंगचा खेळ खलास. तुमच्याकडे १०.४०.१.०/२४, काकूंकडे १०.४०.२.०/२४, मुलुंडला १०.४०.३.०/२४, आणि मधल्या प्रत्येक जोडणीला वेगळा छोटा /३० तुकडा (दोन टोकांना दोन पत्ते).

आता लावायला घ्या. कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करा, एफआरआरच्या डीमन्स फाइलमध्ये ओएसपीएफडी पुढे येस लिहा, सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि व्हीटीवायएसएचमध्ये (एफआरआरला कमांड द्यायची जागा) शिरा. राउटर आयडी (ओएसपीएफमध्ये राउटरची ओळख) प्रत्येक ठिकाणी हाताने वेगळा द्या, कारण एकाची कॉन्फिग कॉपी करून दुसऱ्यावर टाकली की आयडी सारखाच राहतो आणि शेजार जुळत नाही. पहिली ओळ म्हणून पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट टाका, मग फक्त केबलचा पोर्ट आणि बोगदे यांच्यावरून पॅसिव्ह काढा, नाहीतर घरातल्या वायफायवर आणि कंपनीच्या बाजूलाही हॅलो पाठवत बसेल. सगळं एरिया शून्यमध्ये (एरिया म्हणजे ओएसपीएफचा विभाग) ठेवा, तीन राउटरना जास्त एरिया कशाला? जोडण्या पॉइंट-टू-पॉइंट करा, केबलला कॉस्ट (कमी तो रस्ता पसंत) १० आणि बोगद्याला १०० द्या म्हणजे केबल शाबूत असेपर्यंत काकूंकडे केबलवरूनच जाईल.

वायरगार्डवर सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून जरा थांबून सांगतो. प्रत्येक शेजाऱ्याला वेगळा इंटरफेस द्या, एकाच इंटरफेसवर दोन पीअर (पलीकडची टोकं) घालू नका. अलाउड आयपीमध्ये (बोगद्यातून जाऊ द्यायचे पत्ते) पलीकडची नेटवर्कं हवीतच, पण २२४.०.०.५ सुद्धा हवा कारण हॅलो त्या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात. बोगदा फक्त दोघांचाच आहे तेव्हा मी सरळ ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) लिहितो, आणि सोबत टेबल ऑफ, नाहीतर डब्ल्यूजी-क्विक (वायरगार्ड चालू करणारी स्क्रिप्ट) स्वतःच रूट टाकून सगळं इंटरनेट त्या बोगद्यात ढकलेल. मग एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. एकीकडे पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड लागणारी जोडणी) असेल तर तिथे आपोआप १४१२ येतो आणि दुसरीकडे १४२०, बोगदा चालतो, पिंग जातो, सगळं ठीक दिसतं, पण ओएसपीएफचा शेजारी एक्सस्टार्टवर (शेजार पूर्ण जुळण्याआधीची पायरी) अडकून बसतो. दोन्ही टोकांना हाताने १४१२ लिहा, सुटेल. आणि घरगुती लाइन बहुतेक वेळा सीजीनॅटच्या (एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणं) मागे असते, डब्याचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर समजा तेच आहे, तेव्हा निदान एका टोकाला पब्लिक आयपी नाहीतर दोन्ही टोकांना आयपीव्हीसिक्स लागेल.

फायरवॉलमध्ये पोर्ट शोधत बसू नका, ओएसपीएफ टीसीपी पण नाही आणि यूडीपी पण नाही, तो आयपी प्रोटोकॉल ८९ आहे, तो इनपुटला उघडा, तोही फक्त केबल आणि बोगद्यांवर. मास्करेड (आतले पत्ते झाकून बाहेरचा लावणं) फक्त इंटरनेटच्या पोर्टवर ठेवा. आरपी फिल्टर (पॅकेट योग्य वाटेने आलं का बघणारी कर्नलची तपासणी) १ असेल तर २ करा, कारण त्रिकोणात पॅकेट एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत येऊ शकतं आणि कडक फिल्टर ते गपचूप टाकून देतो.

इंटरनेटचा डिफॉल्ट रूट शेजाऱ्यांना द्यायचा असेल तर डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट वापरा, पण पुढे ऑलवेज लावू नका. ऑलवेज लावलं की स्वतःकडे नेट नसतानाही तुमचा राउटर दुसऱ्यांना माझ्याकडे या म्हणत राहतो. वर सांगितलेली पिंगची स्क्रिप्ट इथे कामाला येते, नेट गेलं की ती डिफॉल्ट रूट काढते आणि ओएसपीएफ ती बातमी बाकी दोघांना देतो.

शेवटी तपासणी. शो आयपी ओएसपीएफ नेबरमध्ये दोन्ही शेजारी फुल दिसले पाहिजेत, शो आयपी रूटमध्ये पलीकडच्या नेटवर्कांपुढे ओ. मग काकूंकडच्या एखाद्या मशिनला पिंग चालू ठेवून केबल खरंच उपटा. थेट जोडलेली असेल तर पटकन मुलुंडवरून वळेल, मध्ये स्विच असेल आणि पलीकडची बाजू उपटली असेल तर ४० सेकंदांपर्यंत थांबेल. ते जास्त वाटत असेल तर हॅलो २ आणि डेड ८ करा, पण दोन्ही टोकांना सारखेच, वेगळे ठेवले तर शेजार तुटेल. सगळं जमलं की राइट मेमरी करा आणि तिन्ही राउटरच्या कॉन्फिगची एकेक कॉपी लॅपटॉपवर ठेवा, मुलुंडचा डबा उडाला तर नवीन मशिनवर त्याचीच टाकायची आहे.