संरक्षण कराराची बातमी आली की आधी काय बघायचं

नोव्हेंबर 2024 मध्ये सिंगापूरचे 182 जवान देवळालीला आले तेव्हा आमच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलेलं की 'आता परदेशी फौज नाशकात तळ ठोकणार'. तसलं काही नव्हतं हो, अग्नी वॉरियर नावाचा सराव होता, तेराव्यांदा झाला, तीन दिवसांत आटपला पण. म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

पहिलं म्हणजे बातमीतलं क्रियापद बघा. 'चर्चा झाली', 'सहमती दर्शवली' म्हणजे अजून हातात काही नाही. 'सामंजस्य करारावर सह्या' म्हणजे बरंचसं इराद्याचं काम, सहसा बंधन नसतं त्यात. सह्या झालेला पक्का करार असेल तरच पुढे वाचत बसायचं.

मग विचारा, जागा कोणाची न कशाला लागते? सिंगापूर केवढंसं, लांब पल्ल्याची तोफ तिथे डागली तर गोळा समुद्रातच जायचा, आणि आपल्याकडे देवळालीला तोफखान्याची शाळा आणि रेंज दोन्ही आहे, म्हणून ते इकडे येतात, आपल्या गनर लोकांबरोबर प्लॅनिंग करतात, फायरिंग करतात आणि परत जातात. ट्रेनिंगचा करार बहुतेक असाच असतो, युद्धात कोण कोणाच्या बाजूने उतरणार याचा त्यात काही संबंध नसतो.

लॉजिस्टिक्सचा करार वेगळा, त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अमेरिकेबरोबर 2016 ला लेमोआ, म्हणजे एकमेकांच्या सैन्याला रसद पुरवायचा करार, झाला तेव्हा 'तळ दिले, तळ दिले' म्हणून केवढी बोंबाबोंब! प्रत्यक्षात काय तर इंधन भरा, रसद घ्या, दुरुस्ती करा आणि पैसे चुकते करा, तेही दर वेळी विचारून. पेट्रोलपंपावर उधारीचं खातं असतं ना, तसं समजा. पंप काही तुमच्या नावावर होत नाही.

तिसरा प्रकार कारखान्याचा, तो नाशिकजवळच्या ओझरवाल्यांना सांगायलाच नको, एचएएलचा विमान कारखाना तिथेच आहे. 2000 मध्ये रशियाबरोबर 140 सुखोई लढाऊ विमानं इथे लायसन्सवर बनवायचं ठरलं, त्यावर किती घरं चालली. अशा बातमीत विमानांचा आकडा नंतर बघा, आधी टेक्नॉलॉजी किती देणार ते शोधा, कारण नुसतं जोडकाम मिळालं तर प्रत्येक पार्टसाठी परत त्यांच्याच दारात उभं राहायचं.

आणि फॉरवर्ड करायच्या आधी पीआयबीवरचं, म्हणजे सरकारच्या बातम्या देणाऱ्या कार्यालयाच्या साइटवरचं, मूळ पत्रक उघडा, दोन मिनिटांचं काम आहे. काकांना मी तेच पाठवलं, त्यांनी अंगठा टाकला, मेसेज मात्र अजून डिलीट केलेला नाही.