अहवालाचं काम आणि टेक्स्ट स्टाईल: हाताने मथळे सजवणं आता सोडा

सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरातल्या डीटीपीवाल्यांची झोप उडते. गावागणिक दूध संस्था, गल्लीत पतसंस्था, वर विकास सोसायट्या आणि साखर कारखाने, आणि प्रत्येकाला अहवाल हवा तो 'उद्या'.

मी पहिला अहवाल केला तेव्हा ४८ पानांतला एकेक मथळा सिलेक्ट करून मोठा, ठळक आणि लाल केला होता. छपाईच्या आदल्या रात्री सचिवांचा फोन आला, "तेवढं लाल काढून टाका की, एकाच रंगात छापायचंय." पहाटेपर्यंत बसून सगळे मथळे काळे केले. एक राहिलाच, 'श्रद्धांजली'चा. लाल रंगाला काळ्या प्लेटवर जागा नसते, त्यामुळे छापून आलेल्या पानावर नुसती नावं होती, मथळा गायब. नावं कशाची ते सभासदांनीच ओळखायचं!

हे टाळायचा उपाय म्हणजे टेक्स्ट स्टाईल: फॉन्ट, साइज, रंग एका नावाखाली एकदाच ठरवायचे आणि ते नाव मजकुराला लावायचं. मग स्टाईल बदलली की ती लावलेला सगळा मजकूर बदलतो. पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या काळापासून ही सोय आहे, फक्त आपण वापरत नाही. खालच्या पायऱ्या इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या आहेत. स्क्रायबस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एडिट मेनूत 'स्टाईल्स' शोधा, तत्त्व तेच.

आधी कागद-पेन घ्या. अहवालात मजकुराचे प्रकार किती ते लिहून काढा: मुख्य मथळा, उपमथळा, मजकूर, सभेपुढील विषय, फोटोओळ, तक्त्यातले आकडे. आठ-दहाच्या वर जात नाहीत. स्टाईलला हीच नावं द्यायची, म्हणजे तो मजकूर काय काम करतो ते. 'लाल २४ बोल्ड' असं नाव दिलंत की सचिवांच्या एका फोनने ते खोटं ठरतं.

मग 'मजकूर' ही स्टाईल बनवा. एफ११ दाबलं की पॅराग्राफ स्टाईल्सचं पॅनल उघडतं. खालच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून नवी स्टाईल घ्या आणि तिच्या नावावर डबल क्लिक करा. फॉन्ट आणि साइज तर सगळेच भरतात, घोळ होतो तो लीडिंगमध्ये, म्हणजे एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतच्या अंतरात. सॉफ्टवेअरचं ऑटो लीडिंग साइजच्या १२० टक्के असतं, म्हणजे १२ पॉइंटला १४.४. रोमन लिपीला ते पुरतं. मराठीत मात्र खालच्या ओळीतल्या 'कर्जवसुली'चा रफार वरच्या ओळीतल्या 'मंजूर'च्या ऊकाराला जाऊन टेकतो. मी १२ ला १८ ठेवतो. फॉन्टप्रमाणे एखादा पॉइंट इकडेतिकडे.

युनिकोड फॉन्ट (मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेला) असेल तर त्याच खिडकीत आणखी दोन गोष्टी बघा. ॲडव्हान्स्ड कॅरेक्टर फॉरमॅट्समध्ये भाषा 'मराठी' निवडा. काही फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. आणि जोडाक्षरं फुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर येत असेल, तर जस्टिफिकेशनमध्ये कंपोझर म्हणून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' घ्या.

मथळे एकमेकांवर बेतवा. 'उपमथळा' बनवताना 'बेस्ड ऑन'मध्ये 'मुख्य मथळा' निवडा आणि फक्त साइज कमी करा. पुढे मुख्य मथळ्याचा फॉन्ट किंवा रंग बदलला की उपमथळा आपोआप मागे येतो. 'नेक्स्ट स्टाईल'मध्ये 'मजकूर' द्या, म्हणजे मथळा टाइप करून एंटर मारलं की पुढे मजकूर सुरू होतो. कीप ऑप्शन्समध्ये पुढच्या दोन ओळी सोबत ठेवायला सांगा, मथळा पानाच्या तळाशी एकटा लटकत नाही.

लावणं सोपं आहे. परिच्छेदात कुठेही कर्सर ठेवा आणि स्टाईलच्या नावावर क्लिक करा. अख्खा परिच्छेद सिलेक्ट करायची गरज नाही.

अधिकच्या चिन्हापासून सावध. स्टाईलच्या नावापुढे + दिसलं तर समजा, तिथे कुणीतरी हाताने काहीतरी बदललंय. आल्ट दाबून नावावर क्लिक केलं की ते सगळं पुसलं जातं. पण थांबा! श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये (ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात) काम असेल तर हीच जागा घात करते. पतसंस्थेचा ईमेल किंवा आयएफएससी कोड तुम्ही हाताने एरियलमध्ये केलेला असतो. आल्ट-क्लिकने तो एरियलही जातो आणि कोडच्या जागी मराठी अक्षरांची खिचडी उरते.

म्हणून आधी शिफ्ट-एफ११ ने कॅरेक्टर स्टाईल्स (अख्ख्या परिच्छेदाऐवजी निवडक अक्षरांना लागणाऱ्या) उघडा आणि 'इंग्रजी' नावाची स्टाईल बनवून तिच्यात एरियल भरा. कंट्रोल-एफ मध्ये शोधायचा फॉरमॅट 'फॉन्ट एरियल' आणि बदलायचा फॉरमॅट 'कॅरेक्टर स्टाईल इंग्रजी' असं देऊन 'चेंज ऑल' करा. आल्ट-क्लिक कॅरेक्टर स्टाईलला हात लावत नाही, त्यामुळे आता कोड शाबूत राहतो. आल्टसोबत शिफ्टही दाबलंत तर मात्र तीही जाते.

पुढच्या वर्षी, किंवा दुसऱ्या संस्थेसाठी, नव्या फाइलमध्ये पॅनलच्या मेनूतून 'लोड ऑल टेक्स्ट स्टाईल्स' करा आणि जुनी फाइल दाखवा. अनुक्रमणिकाही लेआउट मेनूतल्या 'टेबल ऑफ कंटेंट्स'मधून याच स्टाईलवरून निघते.

गेल्या हंगामात पुन्हा रात्रीचा फोन आला. म्हाताऱ्या सभासदांना दिसत नाही, अक्षर जरा वाढवा. 'मजकूर' उघडून १२ चं १२.५ केलं, अर्ध्या मिनिटाचं काम. ताळेबंद तेवढा पुढच्या पानावर सरकला, तो हातानेच ओढून आणावा लागला.