अपग्रेडनंतर लिंकर लायब्ररी मागत बसला तर

कंपायलर नवा केला आणि कालपर्यंत बनणारा प्रोग्राम आज लिंकरपाशी (प्रोग्रामचे तुकडे आणि लायब्ररी, म्हणजे तयार कोडच्या फाइली, जोडणारं साधन) 'कॅनॉट फाइंड -एलझेड' म्हणून अडला, तर घाईघाईत सगळं पुन्हा इन्स्टॉल करू नका. आमच्या दारव्ह्याकडच्या गावात काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. सगळं पुन्हा उतरवण्यातच दिवसाचा डेटा संपतो.

आधी एररची ओळ नीट वाचा. '-एल' च्या पुढे असतं ते लायब्ररीचं नाव. इथे झेड, म्हणजे झेडलिब, डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी. उबुंटूमध्ये लिबझेड.एसओ.१ ही फाइल बहुधा असतेच, त्यामुळे बाकीचे प्रोग्राम चालतात आणि आपण गोंधळतो. लिंकरला मात्र शेवटी आकडा नसलेली लिबझेड.एसओ लागते, आणि ती डेव्ह पॅकेजात, म्हणजे प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या पॅकेजात येते. एप्टने (उबुंटूची पॅकेज बसवायची कमांड) झेडलिब१जी-डेव्ह तेवढं घ्या. पॅकेज लहान आहे, रडतखडत चालणाऱ्या नेटवरही उतरतं.

लिबझेड.एसओ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) हाताने जोडून वेळ मारून नेऊ नका; कंपायलरला लागणाऱ्या हेडर फाइलीही डेव्ह पॅकेजातच येतात, त्या कुठून आणाल?

तरीही अडलं आणि तुम्ही सीमेक (बिल्डची मांडणी करणारं साधन) वापरत असाल, तर बिल्ड फोल्डरमधली सीमेककॅश.टीएक्सटी बघा. जुन्या लायब्ररीचे पत्ते त्यात तसेच राहतात. माझ्या दोन संध्याकाळी इथेच गेल्या. बिल्ड फोल्डर उडवा आणि सीमेक नव्याने चालवा.